आयटीआय, डिप्लोमा की पदवी? बेरोजगारीचे आकडे समोर ठेवून

दहावी-बारावीनंतर काय करायचं यावर घरात चर्चा सुरू झाली की कोणीतरी एक आकडा पुढे करतंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. मग शिकून करायचंय काय?

आधी हे माप समजून घ्या. काम नाही आणि ते शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेरोजगार. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाराही कामगारच धरला जातो. २०२३-२४ च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणात, शंभर कामगारांत असे १९ च्या वर होते आणि नियमित पगारदार जेमतेम २२. न शिकलेला मिळेल ते काम धरतो, त्याला रिकामं बसणं परवडत नाही. पदवीधर थांबतो, कारण घरचे काही वर्षं सांभाळून घेतात. त्यामुळे २९ टक्क्यांत थांबण्याचा वाटा मोठा आहे. हे थांबणं किती लांबेल आणि तुमच्या घराला ते झेपेल का, निवड करताना खरा प्रश्न हा.

आयटीआय सर्वांत लवकर हाताला काम देतो. वेल्डर एक वर्ष, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षं. पण नुसत्या सर्टिफिकेटवर फार काही होत नाही. त्यानंतरची अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत राहून काम शिकणं, टाळणारेच बहुधा अडकतात. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसाठी दहावीसोबत ठराविक ट्रेडचा आयटीआय चालतो, हेही लक्षात ठेवा.

डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. दोन वर्षांचा आयटीआय किंवा बारावी सायन्स झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. वाट चांगली आहे, मात्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा गणिताचा विषय हुकलेला असतो. एम-३ ला, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या गणिताला, दांडी उडते ती इथेच. प्रवेश ते कॉलेज सुरू होणं या मधल्या काळात इंटिग्रेशन पक्कं करून घ्या.

साधी बीए-बीकॉम? एमपीएससी राज्यसेवा किंवा एसएससी सीजीएलला (केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या पदांसाठीची परीक्षा) पदवी लागतेच, तिथे पर्याय नाही. फक्त ‘पदवी हातात असू दे, मग बघू’ एवढाच बेत असेल, तर मात्र तुम्ही त्या २९ टक्क्यांच्याच रांगेत निघालात. परीक्षेसाठी थांबायचं असेल तर किती प्रयत्न ते आधीच ठरवा आणि तोवर टॅली, टायपिंग असं काहीतरी कमावतं शिकून ठेवा.

आयटीआय घेणार असाल तर फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: या ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी; लोक अजून ‘एनसीव्हीटी’ म्हणतात) मान्यता आहे का, आणि मागच्या बॅचच्या पोरांना अप्रेंटिस म्हणून कोणत्या कंपन्यांनी घेतलं. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं आयटीआय बघा.