नेटवरून कस्टमर केअरचा नंबर घेतला आणि मामांचे ७१ हजार गेले

सोलापुरात ज्यांच्याकडे अजून विंडोज ७ चालू आहे त्यांनी हे वाचावंच. विशेषतः डीटीपीवाले, छापखानेवाले आणि जुन्या मशीनवर हिशेब ठेवणारे व्यापारी. माझ्या मामांना ज्या रीतीनं लुटलं, ती रीत अशाच कॉम्प्युटरवाल्यांना गाठायला बेतलेली आहे. मामांना विचारूनच लिहितोय, नाव तेवढं देत नाही.

साखर पेठेत मामांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत स्टॉलवाल्यांची हँडबिलं. पूर्व भागातल्या घरांच्या पत्रिका असल्या की एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू. हे सगळं एका जुन्या मशीनवर चालतं: विंडोज ७, त्यावर पानं जुळवायचा पेजमेकर आणि डोंगल (मशीनला लावायची परवान्याची चिप) लावून चालणारा एक जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम. "नवीन घेऊन टाका की" असं सगळे सहज म्हणतात. पण तो प्रोग्राम नव्या विंडोजवर चालत नाही, आणि मामांच्या फायली युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये आहेत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. पंधरा-सोळा वर्षांचं काम त्या एका डब्यात आहे. मशीन जुनं ठेवण्यामागे हे कारण आहे, कंजूषपणा नव्हे.

तुळशीची लग्नं उरकली आणि पत्रिकांची घाई सुरू झाली. एक वधूपिता प्रूफ बघायला स्टुलावर बसलेले असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट आली. धोका सापडला, फाइल क्वारंटाइन केली, म्हणजे बाजूला काढून कोंडून ठेवली. अँटीव्हायरस बिल घेऊन विकत घेतलेला, दरवर्षी पैसे भरून चालू ठेवलेला. त्याच क्षणी मराठी टायपिंग बंद पडलं. की दाबली की नुसती इंग्रजी अक्षरं उमटायची.

मामांनी मोबाईलवर त्या अँटीव्हायरस कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. तो नंबर कंपनीचा नव्हता. पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती ती, नाव कंपनीचं आणि नंबर भामट्यांचा. म्हणजे मामांना कुणी फोन करून फसवलं नाही. अडचणीत मदत मागायला मामाच गेले होते, आणि मदतीच्या वाटेवर चोर बसलेला होता. मला याचीच सर्वांत जास्त चीड आहे.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र. "सर, मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ, आप बिलकुल चिंता मत कीजिए." त्यानं एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायचा प्रोग्राम, घालायला लावलं, स्क्रीनवर आलेला नंबर विचारला आणि मशीनचा ताबा घेतला. पुढे त्यानं जे दाखवलं ते नीट समजून घ्या, कारण उद्या हेच तुम्हाला दाखवतील.

आधी त्यानं इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात लाल खुणा, पिवळे त्रिकोण, एररची लांबच लांब यादी. "देखिए सर, इतने सारे अटॅक हुए हैं." इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची स्वतःची रोजनिशी. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर गेलं, तरी त्यात लाल नोंद पडते. काल दुकानातून आणलेल्या मशीनवरही अशा नोंदी असतात. खात्री करायची तर स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करून तुमच्या मशीनवर आत्ता बघा. त्या लाल खुणा व्हायरसच्या नव्हेत.

मग त्यानं काळी खिडकी उघडून 'ट्री' अशी आज्ञा दिली. ही आज्ञा डिस्कवरच्या फोल्डरांची यादी दाखवते, बाकी काही नाही. यादी भराभर वर सरकत होती आणि तो सांगत होता, स्कॅन चालू आहे. यादी थांबल्यावर शेवटच्या ओळीत त्यानं स्वतःच्या हातानं इंग्रजीत टाइप केलं, 'व्हायरस सापडले'. मामांना ते मशीननंच लिहिलंय असं वाटलं. वाटणारच. समोर गिऱ्हाईक बसलेलं, काम अडलेलं, आणि अक्षरं आपल्याच स्क्रीनवर.

त्यानंतर त्यानं अर्धं खरं सांगितलं. "सर, विंडोज ७ का सपोर्ट बंद हो चुका है." हे खरंच आहे. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट बंद केले. कंपन्यांना पैसे भरून मिळणारी मुदतवाढही जानेवारी २०२३ मध्ये संपली. पण या खऱ्या गोष्टीला त्यानं खोटं शेपूट जोडलं: आमचा पाच वर्षांचा प्लॅन घेतला की हेच अपडेट पुन्हा चालू होतील, ८,९९९ रुपये. जे अपडेट मायक्रोसॉफ्टनंच काढणं थांबवलं, ते फोनवरचा माणूस कुठून आणणार? मामांनी यूपीआयनं पैसे भरले.

आणि टायपिंग सुरू झालं! त्यामुळेच मामांचा त्याच्यावर पक्का विश्वास बसला. त्यानं काय केलं ते मी नंतर अँटीव्हायरसच्या नोंदींत पाहिलं. क्वारंटाइनमध्ये ठेवलेली फाइल परत जागेवर आणली आणि ती वगळण्याच्या यादीत टाकली, म्हणजे अँटीव्हायरस तिला पुन्हा अडवणार नाही. दोन क्लिकचं काम. त्याचे ८,९९९ घेतले, वर जाताना एनीडेस्कमध्ये स्वतःचा पासवर्ड घालून ठेवला, म्हणजे मामांनी होकार न देताही त्याला केव्हाही आत येता यावं.

काही आठवड्यांनी फोन आला. "सर, आपका सिस्टम पुराना है, हमारा प्लॅन उसपर नहीं चलेगा, कंपनी रिफंड दे रही है." पैसे परत मिळतायत म्हटल्यावर संशय तरी कशाला येईल? मामांनी त्याच मशीनवर नेटबँकिंग उघडलं. तो म्हणाला, पासबुक घेऊन या, खातेक्रमांक ताडून बघू. मामा कपाटापर्यंत जाऊन आले, तेवढ्यात पानावरचा आकडा बदललेला. ८,९९९ ऐवजी ८९,९९० जमा झालेले दिसत होते, आणि शिल्लकही तेवढीच वाढलेली.

बँकेत एक रुपयाही आलेला नव्हता. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबलं की उघडलेल्या पानावरचा कुठलाही मजकूर तात्पुरता बदलता येतो. तो बदल फक्त त्या स्क्रीनवर दिसतो, बँकेच्या नोंदीशी त्याचा काही संबंध नसतो. पान पुन्हा लोड केलं असतं तर खरा आकडा परत आला असता, पण माऊस त्याच्या हातात होता.

मग तो रडायला लागला. "सर, एक शून्य ज्यादा लग गया, मेरी नौकरी चली जाएगी, छोटे बच्चे हैं." दुसऱ्याचे ८०,९९१ रुपये आपल्याकडे राहू नयेत म्हणून मामांनी मोबाईलवरून आधी ४० हजार पाठवले, मग २२ हजार. तिसऱ्यांदा १८,९९१ पाठवायला गेले तर फोननं सांगितलं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. कॉम्प्युटरवर लाखाच्या वर शिल्लक आणि मोबाईल म्हणतोय पैसे नाहीत. तेव्हा मामांनी मला फोन केला. "अरे, ह्यात काय तर गडबड वाटायलीय, तू ये जरा."

फोनवरच मी मामांना नेटची वायर उपटायला सांगितली. १९३० लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. व्यवहारांचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो क्रमांक), वेळ, रक्कम, कुठल्या यूपीआय आयडीवर गेले ते सांगितलं. बँकेलाही कळवलं, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरली. २२ हजार समोरच्या खात्यात होते, ते गोठवले गेले. ४० हजार तोवर पुढे सरकले होते. ८,९९९ तर जुनेच. यातला काळाचा हिशेब लक्षात ठेवा: पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात काही मिनिटांत जातात. घरच्यांना विचारू, उद्या पोलीस ठाण्यात जाऊ असं म्हणत थांबलो असतो तर हे २२ हजारही हाती लागले नसते.

आता मूळ लाल चौकटीकडे. ती फाइल खरंच व्हायरस होती का? नव्हती. फाइलवरची तारीख २००९ ची, म्हणजे प्रोग्राम बसवला तेव्हापासून ती तिथेच होती. मी ती दुसऱ्या मशीनवरून व्हायरसटोटल या वेबसाइटवर तपासली. तिथे एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसांसमोर ठेवली जाते. दोघांनी हरकत घेतली, तीही ठरावीक व्हायरसचं नाव न घेता, 'जेनेरिक' असा मोघम शिक्का मारून. बाकी सगळ्यांना ती स्वच्छ वाटली. मग पावतीवर छापलेल्या कंपनीच्या खऱ्या पत्त्यावर ती फाइल पाठवली. पुढे एका अपडेटमध्ये हरकत निघून गेली. फुकट.

असं का होतं? मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक की मध्येच अडवतो आणि तिच्या जागी देवनागरी अक्षर टाकतो. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही की अशीच मध्ये पकडतो. अँटीव्हायरस वागणूक बघून अंदाज बांधतो, त्याला दोघांतला फरक कधी कधी कळत नाही. त्यात या जुन्या फायलींवर डिजिटल सही, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची ओळख पटवणारी खूण, नसते, आणि जगभरात त्या वापरणारे थोडे, त्यामुळे ओळखीच्या फायलींच्या यादीतही त्या नसतात. गावातल्या जुन्या माणसाला नव्या रखवालदारानं फाटकात अडवावं, तसं हे. म्हणून जुन्या मशीनवर, जुन्या प्रादेशिक सॉफ्टवेअरवर खोट्या इशाऱ्यांची शक्यता जास्त.

मोठ्या कंपन्यांकडूनही हे झालेलं आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीच्या स्वतःच्याच एका आवश्यक फाइलला व्हायरस ठरवलं आणि जगभरातली मशीनं पुन्हा पुन्हा बंद-चालू व्हायला लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडर या अँटीव्हायरसनं क्रोमसारख्या रोजच्या प्रोग्रामांवर लाल खूण केली होती, नंतर अपडेट देऊन ती काढली. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा निवळला. तोवर ते स्वतःलाच दोष देत बसले होते. दोष त्यांचा नाही.

पण प्रत्येक इशारा खोटाच, असंही कुणी समजू नका. विंडोज ७ ला नव्या भोकांवर ठिगळं मिळत नाहीत, हे खरं आहे. क्रोमनंही १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ सोडलं. अँटीव्हायरस कितीही चांगला असला तरी तो विंडोजमधली भोकं बुजवत नाही. म्हणून मामांचं मशीन आम्ही नेटपासून कायमचं तोडलं. पत्रिका, बिलं, प्रूफ सगळं पूर्वीसारखंच त्यावर होतं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासतो, नेटबँकिंग फक्त मोबाईलवर. सगळ्या फायली, फाँट आणि टायपिंग प्रोग्रामची सीडी यांची प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली. विंडोज १० वाल्यांनीही आता सावध असावं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे "आपका सपोर्ट बंद हो गया" हे वाक्य आता कितीतरी जास्त घरांत ऐकू येईल.

तुमच्या चालत्या प्रोग्रामवर अशी लाल चौकट आली तर 'डिलीट' दाबू नका, फाइल क्वारंटाइनमध्येच राहू द्या. तिथे ती बंद असते, नुकसान करत नाही आणि हवी तेव्हा परत आणता येते. चौकटीचा मोबाईलवर फोटो काढा, फाइलचं नाव आणि तिच्यावरचा शिक्का त्यात दिसू द्या. नंबर हवा असेल तर तो अँटीव्हायरसच्या खोक्यावरून, पावतीवरून किंवा प्रोग्राममध्येच 'मदत' असतं तिथून घ्या, शोधून वर आलेला नको. आणि चौकटीतच फोन नंबर छापलेला असेल तर ती चौकटच बनावट आहे. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

कुणी आधीच एनीडेस्क दिलं असेल तर नेट तोडून ते काढून टाका, आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. पैसे गेले नसले तरी तक्रार करा, कारण एकाच नंबरवर चार तक्रारी जमल्या की तो नंबर बंद करायला पोलिसांना आधार मिळतो. मामांचे गोठवलेले २२ हजार परत मिळावेत म्हणून अर्ज दिलाय. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक भागातल्या आणखी कुणा छापखानेवाल्याला असा रिफंडचा फोन आला असेल तर तो नंबर आणि यूपीआय आयडी सायबर पोलिसांना कळवा, आमच्या तक्रारीशी जुळला तर दोघांच्याही कामी येईल.