आजारी कासव: जवळचा दवाखाना की लांबचा तज्ज्ञ?

पाळलेले कासव आजारी पडले, तर डोंबिवलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक, घरापासून दहा मिनिटांवरचा, मुख्यतः कुत्र्या-मांजरांना तपासणारा दवाखाना. दुसरी, मुंबईच्या पश्चिम उपनगरात बसणारे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी तपासणारे तज्ज्ञ डॉक्टर. मागच्या जुलै महिन्यात एकाच आठवड्यात, एकाच कासवाला घेऊन मी या दोन्ही वाटांनी गेलो. त्यामुळे पुढचे सर्व एका कासवाच्या अनुभवावर बेतलेले आहे, हे आधीच नमूद करतो.

आमचे कासव रेड इअर्ड स्लायडर जातीचे आहे, नऊ वर्षांचे, नाव ठकू. पावसाची झड लागल्यावर तिने तीन दिवस खाण्याला तोंड लावले नाही. ती टाकीत डाव्या अंगावर कलून पोहत होती, आणि दगडावर चढून बसली की डाव्या नाकपुडीशी एक बारीक बुडबुडा फुगे, विरे आणि पुन्हा फुगे. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात. ज्या बाजूच्या फुप्फुसात द्रव साठतो, ती बाजू जड होऊन पाण्यात खाली झुकते. म्हणून कलून पोहणे आणि नाकात बुडबुडे ही जोडी दिसली की दोन दिवस वाट पाहण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी मी जवळच्या दवाखान्यात गेलो आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. डॉक्टर सज्जन आहेत, आमच्या सोसायटीतली निम्मी कुत्री त्यांच्याच हाताखाली वाढलेली आहेत. भर पावसात रात्री आठ वाजता त्यांनी दार उघडे ठेवले. न्यूमोनियाचा संशय त्यांनी लगेच बोलून दाखवला आणि तो पुढे खराही ठरला. फी माफक होती. अडले ते वजनाशी.

त्यांचा काटा जमिनीवरचा, स्टीलच्या पत्र्याचा, लॅब्रडॉर उभा राहील असा. ठकूला त्यावर ठेवले तेव्हा त्याने शून्य दाखवले. मग डबा हातात घेऊन मी स्वतः उभा राहिलो, नंतर डब्याशिवाय उभा राहिलो. वजाबाकी एकदा पाचशे ग्रॅम आली, एकदा सातशे. शेवटी डॉक्टरांनी मला विचारले, "किती असेल हो?" मी म्हणालो, "असेल अर्धा-पाऊण किलो." त्यांनी सहाशे ग्रॅम धरून प्रतिजैविक भरले आणि मागच्या पायात टोचले. घरी आल्यावर मला चैन पडेना, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर फडके घालून तिला ठेवले. आकडा आला ४१२. म्हणजे माझ्या अंदाजाच्या भरवशावर तिला जवळजवळ दीडपट मात्रा गेली होती. त्या मात्रेने तिला काही अपाय झाल्याचे दिसले नाही, आणि चूक डॉक्टरांइतकीच माझीही होती. तरीही ज्या प्राण्याचे औषध मिलिलिटरच्या शतांशात मोजावे लागते, त्याचे वजन मालकाच्या अंदाजावर सोडले जावे, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. खरे सांगायचे तर निवड तिथेच झाली.

चार दिवसांनी लांबच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी फोनवरच पाण्याचे तापमान, दिव्याचा प्रकार आणि खाण्याचा तपशील विचारून टाकीचे फोटो मागवून घेतले होते. आत गेल्यावर आधी ठकूला फडके अंथरलेल्या वाडग्यात ठेवून टेबलावरच्या छोट्या काट्यावर तोलले: ३९८ ग्रॅम. चार दिवसांत चौदा ग्रॅम गेले होते. साठ किलोच्या माणसाचे दोन किलो उतरावेत तसे हे झाले, आणि जमिनीवरच्या काट्याला ते कधीच कळले नसते. मग समोरून आडवा किरण सोडून क्ष-किरण चित्र घेतले, कारण त्या कोनातून दोन्ही फुप्फुसे शेजारी-शेजारी दिसतात. डाव्या बाजूला ढगाळ डाग स्पष्ट होता. औषध बदलून दर बहात्तर तासांनी एक, अशी सहा इंजेक्शने ठरली, तीही पुढच्या पायात. शरीराच्या मागच्या भागातले रक्त मूत्रपिंडांकडे वळू शकते, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांना शक्यतो पुढच्या अंगात टोचण्याची पद्धत आहे, असे त्यांनी समजावले. शिवाय पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास ठेवायला सांगितले, कारण कासवाचे शरीर थंड असेल तर त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते आणि औषधही नीट लागू पडत नाही.

या वाटेच्या अडचणी लपवण्यात अर्थ नाही. खर्च जवळच्या दवाखान्याच्या जवळपास तिप्पट आला. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस बसतात, आणि दादरला गाडी बदलून जायला-यायला माझा पूर्ण दिवस गेला. सहा इंजेक्शनांसाठी सहा खेपा करणे मला तरी शक्य नव्हते. म्हणून मी तज्ज्ञांकडून औषधाचे नाव, मिलिलिटरमधली मात्रा, टोचण्याची जागा आणि तारखा लिहून घेतल्या आणि तो कागद जवळच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो मनापासून वाचला आणि पाच इंजेक्शने त्यांनीच दिली. ज्यांना नोकरी सांभाळून हे करायचे आहे, त्यांना ही सांगड सोयीची पडेल असे वाटते.

कवच तडकले, रक्त येत असले किंवा कुत्र्याने चावा घेतला असला, तर अर्थातच आधी जवळचा दवाखाना गाठावा. तेथे एक प्रश्न मात्र आवर्जून विचारावा: दिल्या जाणाऱ्या औषधात आयव्हरमेक्टिन नाही ना? कुत्र्यांच्या जंत-गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे हे औषध कासवांच्या जिवावर उठते. डोळे सुजून मिटले असतील, तर बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, विशेषतः वर्षानुवर्षे नुसती सुकी कोळंबी घातली असेल तर. पण त्या जीवनसत्त्वाचे इंजेक्शन जास्त झाले की कातडी सोलवटते, म्हणून तेथेही वजनाचा मुद्दा पुन्हा येतोच.

तिसरी वाट परळची. तेथे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जनावरांचे जुने मोठे रुग्णालयही. खर्चाची चिंता असेल आणि दिवस मोकळा असेल, तर त्या वाटेचा विचार जरूर करावा. आणि कासव जर स्टार कासवासारखे देशी असेल, तर ते पाळणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. अशा वेळी वन विभागाला कळवणे हाच सरळ मार्ग आहे.

प्रवासाचे थोडे सांगतो, कारण लांबची वाट निवडली की तो आलाच. पाण्याच्या कासवालाही पाण्यात घालून नेऊ नये. भोके पाडलेल्या डब्यात ओलसर फडके पुरते. मी एसी लोकल टाळली आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी डब्याच्या एका कडेला ठेवली, म्हणजे ठकूला हवे तर तिकडे सरकता येईल, नको तर दूर राहता येईल. घरी आल्यावर सर्वांनी साबणाने हात धुतले, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

वेळ ठरवण्यासाठी फोन कराल तेव्हा एवढेच विचारून पाहा की तुमच्याकडचा काटा एक-एक ग्रॅम दाखवतो का. जवळच्या दवाखान्यातून "हो" आले, तर लांब जाण्याची घाई मीही करणार नाही. ठकूचे वजन आता दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिले जाते. शेवटचे इंजेक्शन झाले त्या आठवड्यात ते ४०५ होते, गणपतीत ४१९, आणि दसऱ्याला ती टाकीत सरळ पोहत होती.