आयपॅडला चालतो म्हणून गळ्यात मारलेला जीपीएस रिसीव्हर : माझे 27,890 रुपये गेले

22,500 रुपयांचा रिसीव्हर, 1,850 रुपयांचा टाइप-सी कनेक्टर आणि 3,540 रुपयांचं 'अ‍ॅपचं लायसन्स'. एकूण 27,890. घरी मी अजून 22,500 च सांगितले आहेत.

मी ठिबकचं डिझाइन करून देतो. रान मोजायचं, उतार बघायचा, सबमेन (मधली पाइप) आणि लॅटरल (पिकाच्या ओळीतली नळी) यांचा नकाशा काढायचा. मेहुण्याने त्याचा आयपॅड दिला होता, 2022 चा, टाइप-सीवाला, फक्त वायफायचा. वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतोच, हे मला माहीत होतं. म्हणून तर बाहेरून जोडायचा रिसीव्हर शोधत होतो. काही न कळता फसलो असं कुणी समजू नका.

12 फेब्रुवारी 2025 ला एका कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलवर गेलो. खोक्यावर मोठं स्टिकर : आयफोन, आयपॅड, अँड्रॉइड, अचूकता 2 सेंटिमीटर. पोराने स्वतःच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर जोडून दाखवला. मी म्हटलं, माझ्या आयपॅडवर दाखव. तर म्हणाला, "काका, आयपॅडला आधी लायसन्स टाकावं लागतं, इथे नेट मिळत नाही, घरी पाच मिनिटांत होतं." ज्या यंत्रावर तुम्ही वापरणार त्या यंत्रावर चालवून दाखवत नसतील, तर खिशात हात घालू नका. पण माझी खरी चूक ही नव्हे.

खरी चूक तारखेची. पोराच्या फोनवर अक्षांश-रेखांश दिसत होते आणि खाली बारीक अक्षरात तारीख : 29-06-2005. मी पाहिली. विचारलंही. तो म्हणाला, "उपग्रहाची वेळ वेगळी असते काका." आणि मी मान डोलावली! वर त्या स्क्रीनचा फोटो काढून मित्राला पाठवला, बघ काय मस्त वस्तू मिळाली म्हणून.

आज तो फोटो उघडला की अंगाचा तिळपापड होतो. जीपीएस आठवडे मोजतो ते 0 ते 1023, मग पुन्हा शून्य. 6 एप्रिल 2019 च्या रात्री ते असेच शून्यावर आले. ज्या जुन्या रिसीव्हरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्राममध्ये, याची सोय नव्हती, ते बरोबर 1024 आठवडे मागे गेले. 12 फेब्रुवारी 2025 मधून 1024 आठवडे वजा करा, 29 जून 2005 येतो. बरोबर तीच तारीख! म्हणजे कुठला तरी जुनाट माल, नवं स्टिकर लावून. उपग्रहाला तारीख नीट कळते, त्या डब्याला कळत नव्हती. अर्धा मिनिट थांबलो असतो तर पैसे वाचले असते.

घरी आल्यावर आयपॅडच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसलं, टिचकी मारली, जोडलं जाईना. मग शोधाशोध केली. या जुन्या रिसीव्हरांचं ब्लूटूथ सीरियल पोर्ट नावाच्या जुन्या पद्धतीचं असतं. अँड्रॉइडला ते चालतं. आयफोन-आयपॅडला चालत नाही, तिथे रिसीव्हरला अ‍ॅपलची एमएफआय मान्यता लागते. नवे काही रिसीव्हर ब्लूटूथ एलईवर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर, चालतात, पण ते ज्या अ‍ॅपमध्ये त्यांची सोय केलेली असते तिथेच. बाकीच्या नकाशांना त्यांचा पत्ताच लागत नाही. विकणाऱ्याला एकच विचारा : माझ्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये जागा दिसेल का? आणि भोक टाइप-सीचं झालं म्हणून काहीही खुपसलं की चालतं, असं नाही. माझा 1,850 चा कनेक्टर फक्त चार्जिंग करतो.

अँड्रॉइडवर तरी चालवू म्हणून डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन मॉक लोकेशन चालू केलं, म्हणजे फोन स्वतःची जागा सोडून रिसीव्हरची जागा घेतो, आणि ओळखीच्या बागायतदाराचं रान मोजलं. मोजणी खात्याने 40 गुंठे दिलेलं रान 43 गुंठे आलं. माणूस काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. दोन सेंटिमीटर अचूकतेला आरटीके लागतं, म्हणजे जवळच्या बेसकडून (माहीत असलेल्या जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सकडून (अशाच कायमच्या केंद्रांचं जाळं) येणारी दुरुस्ती. माझ्या डब्यात ती घ्यायची सोयच नाही. स्टिकरवरचे 2 सेंटिमीटर कुणी मोजले होते कोण जाणे.

स्टॉलचा नंबर चार दिवस लागला, पाचव्या दिवसापासून बंद. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. पक्क्या बिलाला 18 टक्के, म्हणजे 4,050 जास्त म्हणाला, आणि मी ते वाचवायला गेलो. घरखर्च चालवणारा दुसरा कुणीही तेच करेल. तुम्ही मात्र पक्कं बिल सोडू नका. शिवाय पैसे गेले ते कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर, तीन तुकड्यांत.

पोलीस ठाण्यात म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. सायबरवाल्यांकडे पाठवलं, तिथे म्हणाले, पैसे तुम्हीच दिले, वस्तू तुमच्या हातात आहे, मग फसवणूक कसली? बँकेने अर्ज घेतला, पोच दिली, उत्तर नाही. प्रदर्शनाच्या आयोजकांकडे स्टॉल घेणाऱ्याचा पत्ता मागितला, तर 'माहिती गोपनीय आहे' म्हणे. स्टॉलचं भाडं घेताना चालतो तो माणूस, पत्ता देताना गोपनीय! तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा कामाचा दिवस बुडाला. कळस म्हणजे ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरचा बाबू : "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक होत नाही." मी खालमानेने परत आलो. नंतर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा स्वतः वाचला. स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात धरली आहे, स्पष्ट लिहिलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी सुद्धा नाही. हे त्या खिडकीवर बसलेल्याला माहीत नसावं? की माहीत असून हाकलतात?

आता ऑनलाइन तक्रार टाकली आहे. यूपीआयच्या तिन्ही नोंदी, खोक्याचे फोटो आणि तो 29-06-2005 वाला फोटो जोडला आहे. आयपॅडला चालतो म्हणून असाच स्टिकरवाला रिसीव्हर फेब्रुवारीत प्रदर्शनातून कुणी घेतला असेल तर लाज न बाळगता इथे लिहा. एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेकांना मिळून तक्रार करता येते, आणि मला एकट्याला आता तीन वेळा कुणी दारातून परत पाठवलेलं नको आहे.