पीएचडी: युरोपातून अमेरिकेला अर्ज करावा की युरोपातच थांबावं?

बॅचलर्स आणि मास्टर्स जर्मनीत केलं की हा प्रश्न समोर येतोच. मी दोन्हीकडे अर्ज केले होते. माझा विषय जीवशास्त्र, तेव्हा इंजिनिअरिंगवाल्यांनी थोडा फरक धरूनच वाचावं.

अमेरिकेत पाच-सहा वर्षं जातात. मास्टर्स झालेलं असलं तरी कोर्सवर्क आणि क्वालिफाइंग परीक्षा सहसा चुकत नाहीत. जर्मनीत तीन-चार वर्षं आणि रीतसर नोकरीचा करार. आमच्या विषयात तो बहुधा ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीचा, पूर्णवेळ नोकरीच्या ६५ टक्क्यांचा असतो. हातात पगार बेताचा येतो, पण आरोग्यविमा आणि पेन्शन पहिल्या महिन्यापासून सुरू.

माझा निर्णय मात्र पैशावर झाला नाही, शिफारसपत्रांवर झाला. अमेरिकेला तीन लागतात. दोनशे जणांच्या वर्गात लेखी परीक्षा देऊन पास होणाऱ्या मुलाला नीट ओळखणारा प्राध्यापक एकच, थीसिसचा गाईड. बाकीची दोन पत्रं आणायची कुठून? त्यात प्रत्येक विद्यापीठाचं पोर्टल वेगळं. पत्राबरोबर एक तक्ताही भरायचा: हा विद्यार्थी तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत? माझे गाईड काटेकोर. जे गुण त्यांनी स्वतः पाहिले नव्हते, तिथे त्यांनी सरळ ‘सांगता येत नाही’वर खूण केली. पत्रात लिहिलं, ‘काम शिस्तीचं, निष्कर्ष विश्वासार्ह.’ त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी होती. पण तिकडच्या समितीपुढे ‘असामान्य’, ‘अद्वितीय’ अशा पत्रांच्या गठ्ठ्यात ती फिकी पडत असणार, असं मला तरी वाटतं. दर नव्या पोर्टलसाठी त्यांना पुन्हा गळ घालताना जीव कानकोंडा व्हायचा.

जर्मनीतल्या जागेसाठी सीव्ही आणि पत्र पाठवलं, मुलाखत झाली. तिथल्या प्राध्यापिकेने माझ्या गाईडना फोन केला, दोघं थोडा वेळ बोलले आणि काम झालं.

अमेरिकेची एक बाजू खरंच भक्कम आहे. आमच्या विषयात पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काम करून मग गाईड निवडता येतो. जर्मनीत बहुतेकदा पहिल्या दिवसापासून एकाच गाईडशी आणि ठरलेल्या प्रकल्पाशी बांधले जाता. विषय पक्का नसेल, किंवा एखाद्या अमेरिकन लॅबमध्ये काम करून तिथलं पत्र हाती असेल, तर अमेरिकेचा विचार जरूर करा. विषय आणि गाईड दोन्ही मनात ठरले असतील, तर इथेच थांबायला माझ्या मते हरकत नाही.

दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर तारखा सांभाळा. अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरात संपतात आणि ऑफरला उत्तर द्यायला साधारण १५ एप्रिलपर्यंत मुदत मिळते. जर्मन लॅब इतकी थांबत नाही, पंधरा दिवसांत हो की नाही विचारते. मला विचारलं तेव्हा तिकडचे निकाल यायचे होते. मी हो म्हणून टाकलं.