वॉल्टर टलचं नाव शोधायला वॉर ग्रेव्हज कमिशनची सर्व्हिस – एकदम मस्त

फ्रान्समधल्या अरासला पहिल्या महायुद्धातल्या बेपत्ता सैनिकांचं मेमोरियल बघायला जाणार असाल तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत गेलेल्या ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ सैनिकांच्या कबरी आणि मेमोरियल सांभाळणारी संस्था) साइटवर फ्री सर्च करा, नुसतं आडनाव टाकलं तरी रेजिमेंट, तारीख, बे नंबर (म्हणजे नाव भिंतीच्या कुठल्या भागात आहे ते) सगळं मिळतं. मी टल शोधला, बे ७, मिडलसेक्स रेजिमेंट. हे आधी बघितलं नाही तर अवघड आहे कारण भिंतींवर जवळपास ३५ हजार नावं आहेत आणि ती रेजिमेंटनुसार, मग रँकनुसार कोरलीयेत.

टल म्हणजे टॉटनहॅम आणि नॉर्थॅम्प्टन या इंग्लिश क्लबचा फुटबॉल प्लेअर, वडील बार्बाडोसचे, स्वतः अनाथाश्रमात वाढला, १९१४ला ब्रिटिश आर्मीच्या फुटबॉल बटालियनमध्ये (फुटबॉल खेळाडूंसाठी काढलेली तुकडी) भरती झाला आणि १९१७ला ऑफिसर, तेही गोऱ्या नसलेल्यांना ऑफिसर करायचं नाही असा आर्मीचा नियम असताना! २५ मार्च १९१८ला गेला, वय फक्त २९, बॉडी मिळालीच नाही म्हणून कबर नाही, नाव भिंतीवर.

मेमोरियलचं डिझाइन लुटियन्सचं, आपल्या नवी दिल्लीवाल्याचंच. एन्ट्री फ्री. एकच वाटतं, तिथे नुसतं नाव आहे, त्याच्या फुटबॉलबद्दल अक्षर नाही, त्यामुळे मुलांना नेणार असाल तर आधी त्याची गोष्ट सांगून न्या.