शाश्वत विकास आणि अर्थशास्त्र : पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा वर्षभराचा अनुभव

शाश्वत विकास आणि अर्थशास्त्र या जोडविषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष आता संपत आले आहे. प्रवेशापूर्वी या विषयाची जी माहिती मिळते ती बहुतेक माहितीपत्रकी थाटाची असते. म्हणून वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते आणि त्यातले काय पदरात पडते, तेवढेच येथे मांडतो.

अभ्यासक्रमाचा सर्वांत कच्चा भाग सुरुवातीलाच येतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची शाश्वत विकासाची १९८७ची व्याख्या, संयुक्त राष्ट्रांचीच २०१५ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे, त्यांखालील १६९ लक्ष्ये, हे सारे पाढ्यांसारखे घोकून घेतले जाते. आर्थिक वाढीचे आठवे उद्दिष्ट आणि जमिनीवरील जीवसृष्टीचे पंधरावे उद्दिष्ट एकमेकांच्या आड आले तर निवड कोणत्या कसोटीवर करायची, याची चर्चा मात्र होत नाही. (परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो, तो भाग वेगळा.)

खरा कस पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या पेपरात लागतो. प्रदूषणाची किंमत करातून वसूल करावी हा अर्थतज्ज्ञ पिगूंचा १९२०चा विचार, मालकीहक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात हा अर्थतज्ज्ञ कोसांचा १९६०चा युक्तिवाद, हे टप्पे भराभर मागे पडतात आणि गाडी डिस्काउंट रेटपाशी, म्हणजे वटावाच्या दरापाशी (भविष्यातल्या नफा-तोट्याचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी ज्या दराने घट धरतात त्यापाशी) येऊन थांबते. हवामानबदलावरील २००६च्या अहवालात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी साधारण १.४ टक्के दर धरला होता. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस बाजारातील परताव्याशी जुळणारा, ५.५ टक्क्यांच्या आसपासचा दर धरत होते. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० एककांच्या नुकसानीचे आजचे मूल्य पहिल्या दराने सुमारे २५ येते, तर दुसऱ्या दराने अर्ध्या एककाहूनही कमी. आकडेमोड चार ओळींची आहे, पण ती स्वतःच्या हाताने केल्यावर लक्षात येते की उत्सर्जन आज किती कमी करावे हा वाद वातावरणाच्या भौतिकशास्त्राइतकाच, अजून न जन्मलेल्या माणसांना आपण किती वजन देतो यावर अवलंबून आहे. स्टर्न यांनी केवळ काळाच्या अंतरापोटी ०.१ टक्काच वजावट केली होती, आणि तीही मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी. तटस्थ दिसणाऱ्या आकड्यात नैतिक निर्णय कोठे दडलेला असतो हे ओळखण्याची सवय ही या अभ्यासक्रमाची, माझ्या मते, सर्वांत मोठी देणगी आहे.

सामाईक संसाधनांचा पेपरही मोलाचा वाटला. सर्वांचे कुरण शेवटी उजाड होणारच, हे जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचे १९६८चे प्रतिपादन वाचून पटते. पाठोपाठ सामाईक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखला दिलेले टॉर्बेल हे स्विस गाव समोर येते आणि त्या पटण्याला तडा जातो. हिवाळ्यात स्वतः जेवढ्या गाई पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात पाठवा, असा तेथील १५१७चा नियम होता. त्यात कर नाही, खासगी मालकीही नाही. आणि कोणी नियम मोडला तर ते शेजाऱ्याला गोठ्यात डोकावूनच कळावे!

इकॉनॉमेट्रिक्सविषयी, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक कार्यकारणभाव तपासण्याच्या शास्त्राविषयी, स्पष्ट सांगायला हवे. कलन आणि संख्याशास्त्राची तयारी नसलेल्यांची पहिल्या सत्रात दमछाक होते, आणि समाजशास्त्र वा पर्यावरणविज्ञानाकडून आलेल्यांसाठी घेतले जाणारे पूर्वतयारीचे वर्ग अपुरे पडतात. तरीही हा पेपर ऐच्छिक असेल तेथेही तो घ्यावा. धरणामुळे उत्पन्न वाढले, की मुळात सुपीक असलेल्या खोऱ्यातच धरण बांधले गेले, हा फरक दाखवता आला नाही तर पुढचे सारे धोरणविवेचन हवेतच राहते. म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाच्या नावापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात : हा पेपर अर्थशास्त्र विभागाचेच प्राध्यापक शिकवतात का, आणि प्रबंधासाठी विद्यार्थ्याला कच्ची आकडेवारी स्वतः हाताळावी लागते का.