कान माझे, बोलणं मुलाशी

पोवई नाक्याच्या बाजूला एका ऑडिओलॉजिस्टबाईंचा (ऐकणं तपासून श्रवणयंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञ) दवाखाना आहे. तिथून मी दोन्ही कानांची श्रवणयंत्रं घेतली, त्याला वर्ष होत आलं. सत्तरी ओलांडलेल्या आणि टीव्हीच्या आवाजावरून घरात बोलणी खाणाऱ्या सातारकरांसाठी हे लिहितोय.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, गाव आणि नाव सांगत नाही. काचेचं दार, एसी, भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचे फोटो. काउंटरवरचा पोरगा माझ्या मुलाकडे बघून म्हणाला, "आजोबांचं बजेट किती आहे?" आजोबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. दहा मिनिटांत तपासणी उरकली, यंत्र कानात बसलं आणि "आता येतंय ना ऐकू?" असं तो माझ्या कानाशी ओरडला. तेवढ्याने यंत्राशिवायही ऐकू आलं असतं. आज घेतलं तर चाळीस टक्के सूट, उद्या नाही. जन्मभर कोर्टात लघुलेखक होतो. असली घाई करणारे पक्षकार बरेच पाहिलेत. आम्ही उठलो.

या दवाखान्यात बाईंनी खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि तोंड दिसेल असं बसून विचारलं, "काका, नेमकं कुठे अडतं?" मुलगा उत्तर द्यायला लागला, तर त्याला हाताने थांबवलं. मी सांगितलं की आवाज येतो, शब्द कळत नाही. बायको "भात" म्हणाली की "हात" हे ताट बघून ठरवावं लागतं. त्यांनी आधी मला मळ काढायला कानाच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. मग बंद खोलीत बारीक-जाड सुरांची तपासणी केली, शब्दांची यादी वाचून ती मला परत म्हणायला लावली आणि आलेखावर बोट ठेवून समजावलं. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. स, श, फ, थ ही व्यंजनं तिथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत. म्हणून समोरचा नुसता मोठ्याने बोलला की गोंगाट वाढतो, शब्द सुटा होत नाही. हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मला कानाच्या आत लपणारं छोटं यंत्र हवं होतं (हौस!). बाईंनी त्याची पिवळ्या पट्टीची, दहा नंबरची बॅटरी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उचलून दाखवा." माझी बोटं थरथरतात. चिमटीत येईना. मग कानामागे बसणारं, नारिंगी पट्टीच्या तेरा नंबरच्या मोठ्या बॅटरीचं यंत्र ठरलं. ते स्वस्त होतं. दुकानदार महाग वस्तूवरून गिऱ्हाइकाला स्वस्त वस्तूवर आणतो हे मी तरी सराफकट्ट्यावरही पाहिलेलं नाही.

पैशाचं सांगतो. जोडीला अठ्ठेचाळीस हजार पडले. बिलावर दोन्ही यंत्रांचे सिरियल नंबर लिहिलेले. तपासणीचे आणि पुढे आवाज जुळवायला यावं लागतं त्याचे पैसे वेगळे दाखवलेत. काही जणांना हे खटकतं, "एवढे मोजल्यावर परत फी?" म्हणतात. मला उलट बरं वाटलं. यंत्र कानात घातल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज टाळक्यात जातो, स्वतःचं बोलणं पिंपातून आल्यासारखं वाटतं, आणि पुन:पुन्हा जाऊन ते कमी-जास्त करून घ्यावंच लागतं. त्या वेळेचा मोबदला बिलात नसेल तर तो यंत्राच्या किमतीत दडलेला असतो, किंवा मग तो वेळ तुम्हाला मिळतच नाही. कपाटात पडून असलेली यंत्रं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात शोधायला लांब जावं लागत नाही.

आता तक्रारी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिन्याचा कठडा एकाच बाजूला. गिऱ्हाईक कोण आहे याचा विचार जागा घेताना झालेला दिसत नाही. दुसरं, अपॉइंटमेंट फक्त फोनवर. बहिऱ्याने फोन करायचा! मी हे वहीत लिहून आलो, आता व्हॉट्सअॅप सुरू झालंय, पण उत्तर संध्याकाळी येतं. स्वागतकक्षातली मुलगी मान खाली घालून बोलते, तिलाही बाईंनी एकदा समोर बसवून शिकवावं.

बॅटरीची पट्टी काढली की आत हवा शिरते आणि वापरा न वापरा, ती संपायला लागते. म्हणून चार एकदम सोलून ठेवू नका. पावसाळ्यात यंत्र रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, डबी त्यांनी फुकट दिली.

वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि वय 65 किंवा त्याहून जास्त असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकरकमी 3000 रुपये मिळतात. त्यात चांगली जोडी येत नाही, पण हातभार लागतो. योजनेची माहिती बाईंनी आपणहून दिली. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचा (ऑडिओलॉजिस्टची नोंदणी हीच संस्था करते) नोंदणी क्रमांक लावलाय, कुठेही गेलात तरी तो आधी बघा.

माझ्याकडून पाचपैकी चार, जिन्याचा एक कापला. जाताना घरातलं जे माणूस तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलतं त्याला बरोबर न्या, कारण आवाज जुळवताना बाई त्यालाच बोलायला लावतात. मुलाला नेलंत तर त्याला गप्प बसायची तयारी ठेवायला सांगा.